भरवेलीच्या पोटातला प्रबंध

बालाघाट शहर मागे टाकून भरवेलीची वाट धरली की थोड्याच वेळात रस्त्याकडेची धूळ काळवंडू लागते. पावसाळ्यात तीच धूळ चिखल होऊन चपलांबरोबर घरात येते, आणि फरशीवर उमटलेली ती काळी पावले पुसता पुसता इथल्या गृहिणींच्या कित्येक पिढ्या गेल्या. आम्हां बालाघाटकर मराठी मंडळींचे या काळ्या मातीशी नाते जुने आहे. कोणाचे आजोबा खाणीच्या कचेरीत कारकून होते, कोणाचे वडील खाणकामगारांच्या मुलांना शिकवीत, कोणाची वकिली खाणपट्ट्यांच्या दाव्यांवर चालली. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर पलीकडे गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले आणि राजधानी भोपाळला गेली. तरी खाणींचे मुख्यालय नागपुरातच राहिले, म्हणून आमचे एक दार नेहमी वैनगंगेच्या खालच्या अंगाला उघडे राहिले. इतके असूनही या मातीखाली काय आहे, ते तिथे कसे आले आणि ते काढताना वरचा डोंगर खाली का येत नाही, हे प्रश्न आमच्यापैकी फारसे कोणी विचारले नाहीत. खाण पगार देते, एवढे आम्हांस पुरेसे होते.

म्हणूनच गेल्या दिवाळीत आमच्या परिचयाच्या एका घरी फराळाला गेलो असता, त्या घरची मुलगी खाणकाम अभियांत्रिकीत पीएच.डी. करते आहे हे ऐकून आम्ही हातातली करंजी तशीच धरून बसलो. मुलीचे नाव आम्ही येथे देत नाही. तसे तिनेच बजावले आहे. "काका, अजून काही केलेलं नाही, नुसती नावनोंदणी झाली आहे. प्रबंध झाला तर छापा," असे ती म्हणाली. तिची ही अट आम्हांस आवडली. छापील कौतुक आधी आणि काम मागाहून, हा अलीकडचा प्रघात तिच्या अंगी लागलेला दिसत नाही.

तिच्या घरची पार्श्वभूमी मात्र सांगितली पाहिजे, कारण तिच्या संशोधनाचे मूळ तिथेच आहे. तिचे आजोबा जिल्ह्यातल्या एका खाणीत हजेरीबाबू होते. पाळी सुरू होताना प्रत्येक माणूस दिवा घेई आणि आपला क्रमांक कोरलेला पितळी बिल्ला जमा करी. पाळी सुटली की दिवा परत आणि बिल्ला परत. फळीवरच्या खिळ्यांना लटकलेले बिल्ले हा आजोबांचा हिशेब. एकही बिल्ला खिळ्यावर उरता कामा नये. एके रात्री एक उरला. छताचा एक तुकडा सुटून खाली आला होता. आजोबा त्या रात्री घरी आले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी आले ते न जेवताच झोपले, एवढेच आजी सांगतात. त्यांनी मुलाला खाणीत घातले नाही. तो शाळाखात्यात लागला. आता नात म्हणते, मला खाणीतच जायचे आहे. आजींनी आमच्या देखत तिला विचारले, "ज्या खड्ड्यातून तुझे आजोबा सुटले, त्यात तू कशाला उतरतेस गं?" तिने उत्तर दिले नाही, उठून चहा आणला. आमच्या समजुतीप्रमाणे तिचा प्रबंध हेच त्या प्रश्नाचे उत्तर असावे.

चहा झाल्यावर तिने उलट आम्हांलाच विचारले, "आपल्या या मातीवर पहिली डॉक्टरेट कोणी मिळवली, ठाऊक आहे का?" आम्ही निरुत्तर. मग तिने जे सांगितले आणि पुढे आम्ही स्वतः वाचून पडताळले, ते वाचकांपुढे ठेवण्याजोगे आहे.

१९०२ साली बावीस वर्षांचा एक तरुण हिंदुस्थानच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात रुजू झाला. त्याचे नाव लुईस ली फर्मर. लंडनमधल्या साध्या कारकुनी घरातला, भावंडांत थोरला. शिष्यवृत्तीच्या जोरावर रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये शिकलेला, आणि तेही धातुशास्त्र. म्हणजे दगडांपेक्षा दगडांतून निघणाऱ्या धातूंकडे अधिक ओढा असलेला. त्याच सुमारास मध्य प्रांतातल्या मँगनीजला एकाएकी भाव आला होता. पोलाद करताना त्यातला प्राणवायू आणि गंधक काढून टाकण्यासाठी मँगनीज लागते. १८८२ साली हॅडफिल्ड या इंग्रज धातुतज्ज्ञाने सुमारे बारा टक्के मँगनीज घालून असे पोलाद केले की आघातांनी झिजण्याऐवजी ते अधिकच कठीण होई. रेल्वेचे रूळ जिथे एकमेकांस छेदतात तिथे हेच पोलाद वापरतात. कॉकेशसमधल्या खाणींकडून होणारा रशियाचा पुरवठा १९०५ च्या सुमारास युद्ध आणि अंतर्गत धामधूम यांमुळे खुंटला आणि युरोप-अमेरिकेचे कारखानदार आपल्या डोंगरांकडे वळले. १८९६ सालीच स्थापन झालेली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट खाणपट्टे घेत सुटली होती. गोंदियाहून निघणारी अरुंद रुळांची गाडी याच वर्षांत बालाघाटवरून सातपुडा चढून गेली. डोंगर फोडले जात होते, पण डोंगरात माल किती खोल आहे आणि तो संपणार केव्हा, हे कोणासही नीटसे ठाऊक नव्हते. फर्मर यांना जे काम मिळाले ते हे.

थंडीच्या मोसमात तंबू घेऊन हिंडायचे, दगड गोळा करायचे, आणि पावसाळ्यात कलकत्त्यास बसून त्यांची परीक्षा करायची, अशी त्या खात्याची रीत होती. बालाघाट, उकवा, तिरोडी, पलीकडे भंडारा, नागपूर आणि छिंदवाडा, तसेच दूर झाबुआपर्यंतच्या खाणी त्यांनी पायांखाली घातल्या. १९०९ साली सर्वेक्षण खात्याच्या ग्रंथमालेचा सदतिसावा खंड म्हणून त्यांचा मँगनीजवरील ग्रंथ निघाला, तो तेराशे पानांच्या घरातला. त्याच वर्षी लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. दिली. तेव्हा त्यांचे वय तीसही पुरे नव्हते. पुढे ते खात्याचे संचालक झाले, रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, आणि १९३५ साली आपल्या देशात राष्ट्रीय विज्ञान संस्था स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही तेच. ते सारे मागाहून. विद्यार्थी म्हणून त्यांनी केलेले काम हे आपल्या जिल्ह्याच्या आसपासच्या दगडांचे.

त्या ग्रंथात एक गंमत आहे. नव्या सापडलेल्या खनिजांना फर्मर यांनी नावे दिली, त्यांत आपल्या खात्याच्या संचालकाचे नाव आहे. हॉलंड साहेबांवरून हॉलंडाइट. एका सहकाऱ्याचे नाव आहे, आणि छिंदवाड्याकडील सीतापार या लहानशा गावाचेही आहे, सीतापाराइट. एका विशिष्ट दगडाला मात्र त्यांनी नाव दिले गोंडाइट. ज्या गोंडांच्या भूमीवर तो सापडला आणि ज्यांच्या हातांनी तो फुटत होता, त्यांचे नाव जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत असे कायमचे गेले. यातली काही नावे पुढे टिकली नाहीत. सीतापाराइट म्हणजे अमेरिकेत आधीच सापडलेले बिक्सबाइटच, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आणि सीतापारचे नाव यादीतून पुसले गेले. मँगनीजचे थर कसे बनले याविषयीचे त्यांचे काही तर्कही पुढे बदलले. गोंडाइट खडकाच्या बदलातून किती माल झाला याचा त्यांनी केलेला अंदाज मागे पडला, आणि मँगनीज मुळातच प्राचीन समुद्रतळाशी गाळाच्या थरांतून साचले, मग डोंगरांच्या घड्यांबरोबर वाकून खोल गेले, या मताला बळ मिळाले. जादवपूर विद्यापीठाचे सुप्रिया रॉय यांनी या विषयात आयुष्य घातले. मँगनीजच्या साठ्यांवरील त्यांचा ग्रंथ १९८१ साली प्रसिद्ध झाला.

हा वाद केवळ पंडिती नव्हे. माल वरच्या थरातच असता तर भरवेली केव्हाच ओसाड झाली असती. थर घडीबरोबर खाली जात असल्यामुळेच खाण त्याच्या मागोमाग उतरत गेली. आज भरवेलीची खाण साडेतीनशे मीटरांहून अधिक खोल गेली असून भूमिगत मँगनीज खाणींत आशियातील सर्वांत खोल म्हणून ती ओळखली जाते. १९६२ साली जुन्या इंग्रज कंपनीबरोबर भागीदारीत मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड स्थापन झाली, १९७७ साली ती पूर्णपणे सरकारी झाली, आणि २०१० पासून ती नुसती मॉइल म्हणून ओळखली जाते.

एक गोष्ट जाता जाता सांगावीशी वाटते. फर्मर यांचा मुलगा पॅट्रिक पुढे प्रवासवर्णनकार म्हणून जगप्रसिद्ध झाला. पण बाप हिंदुस्थानात आणि मुलगा इंग्लंडात, अशी त्यांची ताटातूट लहानपणापासूनची. बापलेकांचा सहवास फारच थोडा. संशोधनाची किंमत कोणत्या खात्यातून वळती होते हे ग्रंथाच्या तेराशे पानांत कोठेच दिसत नाही.

आता आमच्या परिचयातील मुलीकडे वळू. फर्मर यांचा प्रश्न होता, माल कोठे आहे? तिचा प्रश्न आहे, माल काढल्यावर उरलेली पोकळी किती वेळ उभी राहील? पहिला भूशास्त्रज्ञाचा, दुसरा इंजिनिअराचा.

भरवेलीसारख्या खाणीत मँगनीजचा थर आडवा पसरलेला नसतो, तो पुस्तकांच्या कपाटात कलून उभ्या राहिलेल्या वहीसारखा असतो. ही वही खालून वर कापत न्यावयाची. एक आडवा काप काढला की झालेली पोकळी वाळू व पाणी यांच्या मिश्रणाने भरतात. पाणी झिरपून जाते, वाळू घट्ट बसते, आणि त्याच वाळूवर उभे राहून कामगार डोक्यावरचा पुढचा काप घेतात. म्हणजे ज्या छताखाली उभे राहावयाचे तेच छत कापावयाचे! शेजारची जी भिंत वरून कललेली असते, जिला खाणवाले हँगिंग वॉल म्हणतात, तिचा खडक अनेक ठिकाणी पापुद्र्यांचा आणि ठिसूळ असतो. पूर्वी लाकडाचे टेकू देत. आता खडकात लांब भोके पाडून त्यांत पोलादी दोर घालतात आणि सिमेंटने ती भरून टाकतात. सुटू पाहणारा थर जणू आतल्या भक्कम खडकाला टाके घालून शिवून ठेवतात. टाके किती लांब, किती अंतरावर, हे ठरवणे हा तिच्या कामाचा गाभा.

"यात संशोधन ते काय? जास्त टाके घाला, झाले," असे आम्ही आमच्या बाळबोध बुद्धीने म्हणालो. ती हसली. जास्त टाके म्हणजे जास्त भोके, आणि जास्त वेळ माणसे त्या छताखाली. शिवाय खर्च वाढला की पुढच्या कापातला माल काढणे परवडत नाही, तो तसाच सोडून द्यावा लागतो. कमी टाके घातले तर काय होते, हे या घरात वेगळे सांगावयास नको.

खडकाची प्रत अंकांत मांडण्याच्या दोन रीती जगभर रूढ आहेत. एक बिनियावस्की यांनी १९७३ साली मांडलेली, दुसरी बार्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली. खडकातल्या भेगा किती, त्यांचा पृष्ठभाग खडबडीत की गुळगुळीत, पाणी झिरपते का, अशा गोष्टींना गुण देऊन एक आकडा काढावयाचा आणि त्यावरून आधार ठरवावयाचा. पण त्या दोन्ही रीती मुख्यत्वे बोगद्यांच्या अनुभवावर उभ्या राहिल्या आहेत. बोगदा एकदा खणला की तसाच राहतो. इथे छत दर काही दिवसांनी एक काप वर सरकते, आणि त्याबरोबर खडकावरचा ताण वाट बदलतो. म्हणून तिला दोन प्रकारची कामे करावी लागतात. खाणीत भिंतींमध्ये मोजमापाचे खुंट बसवून त्या एकमेकींकडे किती मिलिमीटर सरकल्या हे महिनोन्महिने टिपणे, हे पहिले. संगणकावर तोच डोंगर मांडून, त्यातून एकेक काप काढून बघणे, हे दुसरे. दोहोंचा मेळ बसला तरच आकड्यांवर विश्वास ठेवता येतो. मेळ बसत नाही असे महिने बरेच असतात, असेही ती प्रांजळपणे म्हणाली.

खाणीत उतरल्यावर तिला पहिला धडा दिला तो एका जुन्या कामगाराने. पाळी सुरू होण्याआधी तो लोखंडी सब्बल घेऊन छतावर ठोकत जातो. खणखणीत आवाज आला तर खडक एकसंध, बद्द आवाज आला तर आत थर सुटलेला. कुंभाराकडून मडके घेताना आपल्या आया-आज्या बोटाने वाजवून घेत, तीच ही विद्या. माहेरी आल्यावर तिने हे आजींना सांगितले तेव्हा आजी पहिल्यांदा त्या संशोधनाविषयी काही विचारू लागल्या. एरवी त्यांना 'न्यूमेरिकल मॉडेलिंग' हा शब्द कोणी कितीही वेळा सांगितला तरी व्यर्थच होता. त्या कामगाराच्या कानाला जे कळते ते आकड्यांत पकडता येईल का, आणि तो निवृत्त झाल्यावर ते खाणीपाशी राहील का, हे तिच्या प्रबंधाचे एक उपकलम आहे. आमच्या मते तेच सर्वांत मोलाचे, पण मार्गदर्शकांचे मत अजून कळलेले नाही.

दुसरे एक उद्दिष्ट वाळूचे आहे, आणि ते खाणीबाहेरच्या आम्हां सर्वांना लागू आहे. पोकळी भरायला वाळू लागते, ती नदीतून येते. घरे बांधायलाही तीच वाळू लागते. वैनगंगेच्या पात्रात लहानपणी जिथे आम्ही पाय बुडेपर्यंत वाळूत खेळलो तिथे आज अनेक जागी गोटे उघडे पडले आहेत. खाणीतूनच निघालेला टाकाऊ दगड दळून त्याची वाळू केली, तर ती तितकीच घट्ट बसेल का, पाणी तितक्याच वेगाने सोडेल का? पाणी अडून राहिले तर भरावच धोक्याचा होतो. प्रयोगशाळेत नळकांड्यांत भराव करून ती हे तपासते आहे. डॉक्टरेटची उद्दिष्टे अशी लहान असतात. जग बदलण्याची भाषा तिने एकदाही केली नाही.

मुलगी आणि खाण, या जोडीविषयी वाचक भगिनींच्या मनात प्रश्न आला असेलच. खाणीच्या वर, माल फोडण्या-निवडण्याच्या कामात स्त्रिया पहिल्यापासून होत्या, आणि एके काळी त्या खालीही उतरत. १९३७ साली भूमिगत कामास पूर्ण बंदी झाली, युद्धकाळात ती १९४३ ते १९४६ सैल झाली, आणि १९५२ च्या खाण कायद्याने ती कायम केली. त्यामुळे खाणकाम अभियांत्रिकीचे वर्ग मुलींना बंदच असत. नागपुरात चंद्राणी प्रसाद वर्मा यांना या शाखेत प्रवेश घेण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. १९९६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने खास बाब म्हणून परवानगी दिली, आणि १९९९ साली त्या पदवीधर झाल्या, भारतातील या शाखेच्या पहिल्या स्त्री अभियंत्या. पुढे त्या नागपुरातील केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ झाल्या. स्त्रियांना तांत्रिक व पर्यवेक्षणाच्या कामासाठी दिवसा खाली उतरण्याची मुभा केंद्र सरकारने दिली ती २०१९ च्या आरंभी. आमच्या परिचयातील मुलगी त्या वर्षी शाळेत होती. ती मुभा मिळाली नसती तर तिचा प्रबंध खाणीच्या तोंडापाशीच अडला असता.

घरच्यांची खरी अडचण मात्र निराळीच. वडिलांनी ती आम्हांस अंगणात, मुलगी ऐकणार नाही अशा बेताने सांगितली. बी.टेक. झाल्याबरोबर तिला नोकरी चालून आली होती. ती सोडून तिने 'गेट' परीक्षा दिली, एम.टेक. केले, आणि आता आणखी चार-पाच वर्षे. तिच्या वर्गातल्या मुलांनी घरांचे हप्ते सुरू केले. लग्नाचे विचारणारे नातेवाईक 'अजून शिकतेच आहे का?' असे विचारून भुवया उंचावतात. संशोधनवृत्ती मिळते हे खरे. केंद्राच्या कनिष्ठ संशोधनवृत्तीची रक्कम २०२३ च्या आरंभापासून दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० अशी करण्यात आली. पण ती वेळेवर जमा होईलच याची शाश्वती अनेक संशोधकांना नसते, आणि घरभाडे थांबत नाही. आमच्या पिढीपुढे उदाहरणे होती ती मोठमोठी. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर १९६५ साली नागपूरहून बी.ई. झाले, १९७२ साली त्यांनी दिल्लीच्या आय.आय.टी.तून डॉक्टरेट मिळवली आणि १९९१ साली देशाला परम महासंगणक दिला. वडिलांना आम्ही हे उत्साहाने सांगू लागलो. ते म्हणाले, "भटकरांचं मी वाचलं आहे हो. पण ज्यांचं पुढे काही झालं नाही अशा डॉक्टरांची यादी कोणी छापतं का?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि उगाच धीर देण्यात अर्थ नव्हता.

एवढे मात्र आम्ही त्यांना सांगितले की, या शिक्षणासाठी आता मुलांना फार दूर जावे लागत नाही. धनबादचे खाण विद्यालय १९२६ चे, पण ते लांब. १९५६ साली रायपूरला खाणकाम आणि धातुशास्त्र यांचे सरकारी महाविद्यालय निघाले, तेच आजचे तिथले एन.आय.टी. नागपूरच्या व्ही.एन.आय.टी.तही खाणकामाचा विभाग आहे. आपल्या जिल्ह्यात भरवेली, उकवा, तिरोडी आहेत, मलाजखंडची तांब्याची खाण आहे. इतक्या खाणी उशाशी असताना त्यांच्यावरचे प्रबंध मात्र बहुधा बाहेरून आलेल्यांनीच लिहिले. वडील ऐकून घेत होते. पटले असे म्हणवत नाही.

निघताना आम्ही आजींच्या पाया पडलो. देवघराच्या कोनाड्यात, कुंकवाच्या करंड्याशेजारी एक पितळी बिल्ला दिसला. कोणाचा, ते आम्ही विचारले नाही. मुलगी गोंदियाची गाडी पकडण्याच्या घाईत होती. भाऊबीज आटोपली की खुंटांची मोजणी करावयाची होती, आणि महिन्याची एक नोंद चुकली की पुढचा आलेख तुटतो. आजी तिच्या पिशवीत चकल्यांचा डबा कोंबीत विचारत होत्या, "त्या सब्बलवाल्याला देशील ना गं यातल्या?"